मांडीवरची बॅटरी

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास लाखांदूर-भंडारा एसटीत शेजारच्या सीटवर भेटलेला तो माणूस आठवला, की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चार्जिंगला न्यायची ट्रॅक्टरची बॅटरी त्याने मांडीवर तान्ह्या लेकरासारखी धरली होती. अ‍ॅसिडने धोतराची चाळण झालेली.

"टपावर टाक ती!" कंडक्टर खेकसला.

"टपावर इचं पाणी सांडते, भाऊ. लाईन गेली का बायकोची कफ ओढाची मशीन इच्यावरच चालते. नाहीतर तिचा दम अडकते. अन् आमच्या गावात लाईन रोजच जाते."

भंडाऱ्यात बस वळली. कुलूपबंद सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यात भर दुपारी सगळे दिवे जळत होते. बॅटरीवरचा हात न काढता त्याने मला हनुवटीनेच दाखवलं, "थो पाहा, माह्या बायकोचा दम जळून राहिला."