वीस सेकंद राहिले होते

गेल्या महिन्यात आमच्या घरात आठ दिवस भांडण चाललं होतं, आणि ज्याच्यावरून भांडायचं तो माणूस कुणाच्या ओळखीचासुद्धा नव्हता. तो बॉक्सिंगचा रेफ्री.

त्याचं झालं असं. माझी नात सोळा वर्षांची आहे, बॉक्सिंग खेळते. इथं सोलापुरातच स्पर्धा होती. तिसरा राउंड म्हणजे शेवटचा, त्यातले वीस सेकंद राहिलेले, आणि आमची गुणांनी पुढं. तेवढ्यात समोरच्या मुलीचा एक ठोसा कानशिलाजवळ बसला. रेफ्री मध्ये आला, आठपर्यंत आकडे मोजले, हिच्या डोळ्यांत बघितलं आणि दोन्ही हात हलवून खेळच थांबवला. थांबवला म्हणजे आमची हरली.

घरी आल्यावर तिनं ग्लोव्हज दारामागच्या खिळ्याला अडकवले. म्हणाली, "मी आता प्रॅक्टिसला जाणार नाही. जिंकणाऱ्याला हरवतात, मग खेळायचं कशाला?"

पोर तशी हट्टी. बोलली म्हणजे बोलली. पहाटे साडेपाचला स्वतःहून उठणारी ही मुलगी आठपर्यंत पांघरूण सोडेना. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, आपला येता-जाता त्या खिळ्याकडं बघायचा आणि गप्प बसायचा.

आमचे मालक गप्प बसणाऱ्यातले नाहीत. तरुणपणी त्यांनी आसपासच्या एकाही जत्रेतली कुस्ती चुकवली नव्हती. त्यामुळं सगळ्या जगाला त्यांचा कायदा कुस्तीचा.

"पाठ लागली का तुझी?"

"नाही, आजोबा."

"मग हरली कशी? पाठीला माती लागल्याबिगर निकाल हुतोय व्हय?"

"आजोबा, तिथं माती नसते."

"न्हाय ना? म्हणूनच असले घोळ हुत्यात!"

मुलानं लढत मोबाइलवर घेतली होती. तो मोबाइल मागं एकदा पाण्याच्या बादलीत पडला, तेव्हापासून त्याचा स्पीकर गेलाय. चित्र दिसतं, ऐकू काही येत नाही. तरी येईल त्याला मालक ते दाखवायचे. दूधवाल्यानंसुद्धा किटली हातात धरून दोनदा बघितलं.

शेजारचे अण्णा चादरीच्या कारखान्यात मागावर काम करून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "रेफ्रीचं बरोबर हाय. धागा तुटला की माग बंद करायचा. चादर संपत आली म्हणून रेटला, तर पुढचा सगळा पट्टा बिघडतो."

"पोरगी म्हंजे चादर हाय का, अण्णा?"

"चादर उसवून परत विणता येती, मालक. हिच्या डोक्याचं काय करणार?"

झालं! दोन दिवस आमच्याकडून त्यांना चहाची हाक गेली नाही.

आणि मी? मी भाकऱ्या थापत होते. मला न बोलता बसता येत नाही, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. पण ह्या आठ दिवसांत त्या लढतीबद्दल मी एक अक्षर काढलं नाही आणि ते कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. एकदा नातच चुलीपाशी येऊन बसली. चूल कसली, गॅसच, पण मी चूलच म्हणते.

"आजी, तू पुढच्या रांगेत होतीस. तूच सांग. मी ठीक होते की नाही?"

"अगं बाई, भाकरी करपली," म्हणून मी तिच्याकडं पाठ केली. भाकरी काही करपली नव्हती.

खरी गोष्ट अशी, की खेळाच्या आधी तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, "आजी, काही झालं तरी ओरडायचं नाही." मी हो म्हटलं होतं. आणि रेफ्री आकडे मोजत असताना मी खुर्चीवरून उठून ओरडले होते. त्या गलक्यात काय ओरडले ते मलाच माहीत. नशीब, बादलीत पाणी होतं.

पण रविवारी मालकांनी डोकं लढवलं. अण्णांना पटवायचंच म्हणून मुलाला टीव्हीवर व्हिडिओ लावायला सांगितलं. अण्णाही आले, मनात काही न ठेवता. लढत सुरू झाली, ठोसा बसला, आणि टीव्हीतून असा खणखणीत आवाज आला, "अवो, थांबवा की! पोरगी पडतीय माझी!"

मालक म्हणाले, "हा आवाज मी पन्नास वर्सं ऐकतोय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पदरानं तोंड पुसलं.

"आजी, तू?"

"मी," म्हटलं. "दिलेला शब्द मोडला. पण तुझे लटपटते पाय बघवले नाहीत गं मला."

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ही माझ्याशी जन्मात बोलणार नाही. तिनं रिमोट घेतला, मागं नेलं, परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. इतके दिवस ती फक्त रेफ्रीकडं बघत आली होती. आता स्वतःकडं बघत होती.

"तू माझ्या उजव्या हाताला बसली होतीस ना? सुरुवातीला मी तुला हात केला होता."

"हो की."

"मग तुझा आवाज आल्यावर मी डावीकडं का बघतेय?"

टीव्हीत ती डावीकडं बघत होती. तिकडं नुसती भिंत होती. ती मला भिंतीत शोधत होती.

'मी म्हटलं नव्हतं?' असं अण्णा म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. नातीनं रिमोट खाली ठेवला आणि म्हणाली, "मला वाटत होतं, मी एकदम ठीक आहे."

मालक खाकरले. "असू दे. बरोबरीत सोडवली म्हणू."

"आजोबा, आमच्या बॉक्सिंगमध्ये बरोबरी नसते," म्हणाली आणि हसली. मग मी अण्णांना चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं म्हणून मी उठले. ती ग्लोव्हज गळ्यात अडकवून चपला शोधत होती. "पुढच्या स्पर्धेला तू यायचंस," म्हणाली, "पण तोंडात शेंगदाण्याची चिक्की धरून बसायचं."

"चिक्की धरते," मी म्हटलं, "पण पुन्हा भिंतीकडं बघितलंस तर थुंकून ओरडेन."