पुरुषांच्या रांगेतल्या प्रेमिलाबाई

प्रेमिलाबाई गायला उभ्या राहिल्या की आमच्या चर्चमधला माइक त्यांच्यापासून लांब ठेवावा लागे. हिंगण्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये त्या पोळ्या करतात. सकाळच्या कंपनीच्या बसने जातात, दुपारी परततात. आणि रविवारी गायकवृंदाच्या पहिल्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या. मी तिसरी. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

गेल्या मार्चमध्ये त्यांच्या गळ्याला गाठ दिसली. धंतोलीच्या डॉक्टरांनी तपासलं. थायरॉईडची गाठ आहे, काढल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही ते कळणार नाही, म्हणाले. आवाजाची नस गाठीला चिकटून जाते, तिला धक्का बसू शकतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. प्रेमिलाबाईंनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं. ओठ हलले, नुसती हवा आली.

आठ दिवसांनी रिपोर्ट हातात पडला. कॅन्सर नव्हता. त्यांचे यजमान मुकुंद, वायरिंगची कामं करणारे धिप्पाड गृहस्थ, दवाखान्याच्या जिन्यातच बसून रडले. प्रेमिलाबाई रडल्या नाहीत. पुढे कधीतरी त्यांनीच मला सांगितलं, "आनंद व्हाले पायजे होता वं. मले रागच आला. म्हटलं, देवा, दुसरं काही नेलं असतं तं चाललं असतं."

नस कापली गेलेली नाही, दबली आहे, येईल आवाज, पण कधी आणि कितपत ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. प्रेमिलाबाई पाटीवर लिहून बोलू लागल्या. चर्चला येणं त्यांनी बंद केलं. त्यांची प्रार्थना म्हणजे गाणंच होतं. ते गेल्यावर देवाशी बोलायचं कसं हेच त्यांना सुचेना. पाळकसाहेब घरी गेले आणि चहा पिऊन परतले.

सहा रविवार गेले. सातव्याला मुकुंद पँट-शर्ट घालून पलंगावर बसून राहिले. "तू नाही येत तं मीही नाही जात," म्हणाले. तेव्हा कुठे त्या उठल्या.

दोघं शेवटच्या बाकावर बसली, म्हाताऱ्या नत्थूजींच्या शेजारी. पहिलं गीत सुरू झालं आणि प्रेमिलाबाईंना नवऱ्याचा आवाज ऐकू आला. इतकी वर्षं त्या पुढे उभ्या, ते मागे. मुकुंद बेसूर गात होते, पण पुस्तक मिटलेलं, डोळे मिटलेले, एक शब्द चुकत नव्हता. "या माणसाले सारी गाणी पाठ आहेत हे मले मालूमच नव्हतं," त्या म्हणतात.

दुसऱ्या बाजूला नत्थूजी. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते सगळ्यांच्या एक ओळ मागे असतात. गीत संपलं, पेटी थांबली, आणि शांत चर्चमध्ये ते एकटेच खणखणीत आवाजात शेवटची ओळ गायले. प्रेमिलाबाईंचे खांदे हलू लागले. मी पुढून वळून पाहिलं. मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

उपासना संपल्यावर त्या नत्थूजींशी काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणून राहिली बाई? मले ऐकू नाही येत," नत्थूजी म्हणाले. मग स्वतःच हसले. "तुले बोलता नाही येत, मले ऐकता नाही येत. देवाले दोघंही चालते."

त्या दिवसापासून प्रेमिलाबाई एक रविवार चुकल्या नाहीत. मागच्या बाकावर बसून ओठांनीच गायच्या. पोळ्या लाटतानाही ओठ चालूच. कँटीनमध्ये कोणाला हाक मारायची तर चिमटा तव्यावर वाजवायच्या, आणि अख्खी पंगत वळून बघायची. त्या महिन्यांइतकं त्यांना हसताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं. आवाज येईल अशी खात्री कोणीही दिली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. "मी गात नव्हती तरी देवानं मले सोडलं नाही," त्या सांगतात. "मंग भ्याव कशाचं?"

नोव्हेंबरमध्ये एका सकाळी, डॉक्टरांनी सांगितलेल्या आवाजाच्या व्यायामाचा "आ" नेहमीसारखा फुकट गेल्यावर, त्यांच्या तोंडून निघालं, "अहो, गॅस बंद करा न!"

मुकुंदांनी गॅस बंद केला नाही. नर्सिंग कॉलेजात असलेल्या मुलीला, मिनलला, फोन लावला. दूध सगळं उतू गेलं.

आवाज आला तो मात्र जाड, खोल. गायकवृंद सांभाळणारी श्वेता पेटीवर सूर देत गेली, आणि वरच्या सुरांपाशी अवघडून थांबली. "काकू, तुमचा आवाज आता... पुरुषांच्या पट्टीत बसून राहिला."

"मंग तिथंच उभी कर न मले. लाजतेस काहून वं?"

नाताळच्या उपासनेत मागच्या रांगेतले तीन सूटवाले थोडे सरकले, आणि मध्ये जांभळ्या साडीत प्रेमिलाबाई उभ्या राहिल्या. माझ्या डावीकडची जागा रिकामी वाटली खरी. पण माझ्या पाठीमागून तो नवा आवाज आला, जमिनीतून यावा तसा, आणि मीच एक ओळ गायची विसरले.

जानेवारीत डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. नस बरीच हलू लागली आहे, पण जुना आवाज परत येईलच असं नाही, म्हणाले. आणखी काही विचारायचं आहे का?

"हो," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात कैरीचं लोणचं खाल्लं तं गळ्याले चालते का?"

"खा की," डॉक्टर म्हणाले.