मोठ्या टाकीची तिसरी बॅच

आमच्या कंपनीत टाक्यांना नंबर होते, पण नंबरानं त्यांना कुणी ओळखत नसे. पन्नास लिटरची ती ‘पीएफवाली’, कारण आमच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, जुनी नोकरी सोडल्यावर हातात आलेल्या फंडातून ती घेतली होती. पाचशे लिटरची ‘बँकवाली’. तिच्यापायी सरांचं राहतं घर गहाण पडलं होतं. आणि शेडच्या टोकाला पार छतापर्यंत पोचलेली पाच हजार लिटरची टाकी म्हणजे ‘मुंबईवाली’. तिचे पैसे गुंतवणूकदारांनी दिले होते आणि बदल्यात कंपनीत हिस्सा घेतला होता. कर्ज फिटलं की बँक निघून जाते, हिस्सेदार मात्र बसून राहतो, हा फरक सरांनीच मला चहा पिता पिता समजावला होता.

आम्ही जिवाणू वाढवून त्यांच्याकडून एन्झाइम तयार करून घेतो. कापडाची खळ काढायला ते लागतं, त्यामुळे तारापूरचे कापड कारखाने आमचे गिऱ्हाईक. टाकीतला नमुना तपासून सही करणारी बाई म्हणजे मी. नवरा वीज प्रकल्पात, घर सरावलीला, आणि स्वभाव जात्याच जिवाला घोर लावून घेणारा. गॅस बंद केला का, हे बघायला मी जिना उतरून परत चढते.

मुंबईवाल्यांनी सगळे पैसे एकदम दिले नव्हते. निम्मे टाकीसाठी दिले आणि निम्मे अटीवर ठेवले. मोठ्या टाकीतल्या लागोपाठ तीन बॅच ठरलेल्या ताकदीच्या निघायला हव्यात, आणि प्रत्येकीच्या अहवालात ‘इतर जंतू आढळले नाहीत’ या ओळीखाली माझी सही हवी. तोवर पैशांची ओढाताण. लॅबच्या फळ्यावर ‘पैसे आल्यावर’ अशी यादीच होती: नवा कॉम्प्रेसर, आणखी दोन माणसं, नमुना काढायच्या व्हॉल्व्हचं रबर. ते रबर कडक झालं होतं, आणि कडक रबराच्या फटीतून बाहेरचे जंतू टाकीत शिरू शकतात. नवं बाहेरून मागवावं लागे आणि महागही होतं.

“तुला धोका वाटत असेल तर सांग, आत्ताच मागवतो,” सर म्हणाले होते.

“चालेल सर. तीन बॅचचाच तर प्रश्न आहे.” मी म्हणाले. गॅससाठी दोनदा जिना चढणारी मी! पण कंपनीचे पैसे वाचवणारी म्हणून मिरवायची हौस होती ना मला.

दोन बॅच छान निघाल्या. तिसरी संपत आली आणि त्याच सकाळी मुंबईहून गुंतवणूकदारांची प्रतिनिधी आली. माझ्याच वयाची, शांत आवाजाची बाई. सर तिला केबिनमध्ये घेऊन बसले. तेवढ्यात आमचे ऑपरेटर काका नमुन्याची बाटली घेऊन आले. काका मनोरच्या पलीकडच्या पाड्यातले, पावसाळ्यात नागली लावून उरलेलं वर्ष कंपनीत काढणारे.

“मॅडम, वास बराबर नाय. तुमी बघा एकदा,” ते म्हणाले. “घरी आंबील जास्त दिवस रायली का असाच वास मारते.”

मी स्लाइड केली. आमचे जिवाणू लांबट काड्यांसारखे दिसतात. काड्या होत्याच, पण त्यांच्यामध्ये गोल ठिपक्यांचे घोस होते. रंगच नीट धुतला गेला नसेल, असं मनाला सांगत मी दुसरी स्लाइड केली. मग तिसरी. ठिपके तिन्हींत होते, म्हणजे टाकीत बाहेरचे जंतू शिरले होते. काका दारातच उभे होते.

एन्झाइमची ताकद मोजली, तर ठरल्यापेक्षा थोडी जास्तच होती. म्हणजे बॅच आत्ताच्या आत्ता काढली असती तर आकडा पास होता. प्रश्न फक्त त्या एका ओळीचा आणि माझ्या सहीचा होता. नाही केली तर मुंबईचे उरलेले पैसे अडकणार, पुढचे पगार अडकणार, सरांचं घर जाणार. केली तर कुणाला कळणारही नव्हतं. खोटं कशाला बोलू, पाव तास मी सही करायच्याच विचारात होते.

शेवटी उठले आणि केबिनचं दार ढकललं. सरांना आधी बाहेर बोलावलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं आणि मी काय ऐकलं असतं, कोण जाणे. त्या भीतीनंच दोघांसमोर एका दमात सांगून टाकलं. सरांचा चहाचा कप बशीवर जोरात टेकला.

मुंबईच्या बाईंनी वही उघडली. “कशामुळे झालं असेल?”

सर माझ्याकडे बघत होते. मी अजून शब्दच जुळवत होते.

“व्हॉल्व्हचं रबर जुनं झालं होतं,” सर म्हणाले. “पैसे वाचवायला मी ते पुढं ढकललं. हिचा काही संबंध नाही.”

बाईंनी ते लिहून घेतलं. टाकी रिकामी करून धुतली, रबर बदललं आणि पुन्हा पहिल्यापासून तीन बॅच काढायच्या ठरल्या. तोवर वीज, माल, पगार भागवायचे कशातून? बँकेनं हात वर केले. मुंबईवाल्यांनी पैसे दिले, पण शेअरचा भाव पाडून, म्हणजे तेवढ्याच पैशांत जास्त हिस्सा घेऊन. त्यांच्या पत्रात कारण स्वच्छ लिहिलं होतं: महत्त्वाच्या टप्प्यावर मालकानं देखभालीचा खर्च टाळला, त्यामुळे यापुढे खर्चाचे निर्णय एकट्या त्यांच्याकडे ठेवता येणार नाहीत. सरांचा हिस्सा निम्म्याच्या खाली गेला.

आता कंपनी चांगली वाढते आहे. आणखी मोठ्या टाकीची बोलणी चालू आहेत. त्या बैठकांना सर कडेच्या खुर्चीत बसतात आणि बोलायची पाळी येईपर्यंत थांबतात. मुंबईच्या बाई प्रत्येक वेळी माझं कौतुक करतात. अशी प्रामाणिक माणसं हवीत, म्हणतात. सरही मान हलवतात. ‘चालेल’ मी म्हणाले होते, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक आहे, आणि मी अजून ते बोललेले नाही.