बिनतारखेचा राजीनामा

१९९५ च्या ऑगस्टमध्ये शांतव्वा सरपंच झाली आणि त्याच संध्याकाळी तिचा राजीनामाही तयार झाला. तो मीच लिहिला. शिरोळ तालुक्यातल्या त्या गावचा मी ग्रामसेवक. अक्षर बरं, कणा जरा मऊ. शांतव्वा दोन म्हशींवर संसार चालवणारी, चौथी शिकलेली बाई. गावचे पुढारी गणपतराव म्हणाले, एक वर्ष हिला, मग पंचायतीतल्याच दुसऱ्या सदस्या अंबूबाईला. शांतव्वानं वर्षाचा शब्द दिला, सही केली. तारखेची जागा मोकळी ठेवून कागद गणपतरावांच्या खिशात गेला.

बाई सरपंच म्हणजे शिक्क्यापुरती, असं सगळेच धरून चालले होते. मीही. पण ही रोज नऊला ऑफिसात हजर. खालच्या गल्लीतल्या बायका नदीचं गढूळ पाणी वाहायच्या. तिथं नळ न्यायचाच, हे तिनं मनावर घेतलं. पाइपचं काम गणपतरावांच्या भाच्याला न देता कमी दराच्या माणसाला दिलं. झालं! नवव्याच महिन्यात गणपतरावांनी कागदावर तारीख टाकून तो पंचायत समितीत दिला. खोदाई अर्धी झाली होती. शांतव्वा गेली की नळही गेला, हे उघड होतं.

सभापतींनी आम्हाला बोलावून घेतलं. सही कुणाची, असं विचारलं.

"सही माझी हाय, तारीख न्हाय," शांतव्वा म्हणाली. "वरसाचा शबुद दिलाय, नऊ म्हैन्याचा न्हाय. भाऊसायबांनी लिवलंय, त्यास्नी इचारा की."

गणपतरावांशी वाकडं घेतलं की बदली डोंगरात, हे ठाऊक होतं. तरी सांगून टाकलं, कागद निवडीच्याच दिवशी लिहिला, बिनतारखेचा. राजीनामा नामंजूर झाला. पंधरा दिवसांत माझी बदली मलकापूरच्या पलीकडे, डोंगरात.

जुलैत नळ आला. आता बाई खुर्ची सोडत नाही, असं गाव म्हणू लागलं. अंबूबाईनं तर बोलणंच टाकलं. वर्ष भरलं त्या सकाळी शांतव्वानं आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात राजीनामा लिहिला, आधी तारीख टाकली, आणि शिक्का स्वतः अंबूबाईच्या घरी नेऊन दिला.

शब्दाची बाई म्हणून तालुक्यात नाव झालं. १९९७ ला ती पंचायत समितीवर गेली, २००२ ला जिल्हा परिषदेवर. २००४ ला खासदारकीच्या तिकिटासाठी पक्षानं दिल्लीला बोलावलं. तिथंही एका साहेबांनी कोरा कागद पुढं सरकवला, नुसती सही करा म्हणाले. तिनं तो तसाच परत सरकवला. तिकीट दुसऱ्याला गेलं.

पुढच्या वर्षी निवृत्त झालो आणि तिला भेटायला गेलो. एवढी मोठी संधी गेली, वाईट नाही वाटलं का, असं विचारलं.

"वाटलं की," ती नळाचं पाणी पुढं ठेवत म्हणाली. "पर भाऊसायेब, त्या दिशी तुमी बदलीला न भिता खरं बोललासा, मग मी तिकिटापायी कोऱ्या कागदावर सही कशी करू?"

डोंगरातली नऊ वर्षं मला त्या दिवसापासून फुकट गेल्यासारखी वाटत नाहीत.