खंडूमामांचा वरचा थर

मोबाइलमध्ये कॅमेरा बसवायची बुद्धी ज्याला झाली त्याचं काही भलं होऊ नये, असं मी बरीच वर्षं अगदी मनापासून म्हणत आलो. पंचवटीत माझा फोटो स्टुडिओ आहे. एक्क्याण्णव साली काढला तेव्हा लोक फोटोसाठी अंघोळ करून, पावडर थापून, पोरांची नाकं पुसून यायचे. दोन हजार सात उजाडलं आणि तेच लोक खिशातून डबी काढून मलाच दाखवू लागले, "बघा की, कसा आलाय!" कसा आलाय? डोकं नाही, पाय आहेत, आणि कोपऱ्यात काढणाऱ्याचा अंगठा. तरी तोंडदेखलं "वा!" म्हणावं लागायचं, गिऱ्हाईक होतं ना.

या सगळ्यांत माझं डोकं सर्वांत जास्त खाल्लं ते खंडेरावमामांनी. हे माझ्या बायकोचे, उज्ज्वलाचे, सख्खे मामा. मखमलाबादला त्यांचा मळा. टोमॅटो, झेंडू, मधूनच कोबी. धोतर, पांढरी टोपी, आणि अंगात खोड एकच, पण ती हाडापर्यंत मुरलेली.

मामांची ख्याती होती टोमॅटोची जाळी, म्हणजे बाजाराला न्यायचं क्रेट, भरण्यात. तळाला बारके आणि टिचलेले, मधे बरे, आणि वरचा थर म्हणजे बघत राहावं असा. एकेक फळ फडक्यानं पुसलेलं, देठ खाली, लाल गाल वर. हे सगळेच करतात आणि व्यापाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणून तो आधी कोपरापर्यंत हात खुपसून तळाचं फळ वर काढतो. पण मामांच्या जाळीत हात घालायचं व्यापाऱ्याच्याही जिवावर यायचं. मी एकदा चिडवलं तर म्हणाले, "जावईबापू, ह्याला फसवनं नाय म्हनत. पाव्हना आल्यावर आपन फाटकी सतरंजी आंथरतो का?"

बरं, हे टोमॅटोपुरतं असतं तरी चाललं असतं. चौऱ्याण्णव साली माझ्या मेव्हणीच्या लग्नात मी ग्रुप फोटो लावत होतो. मामा पुढे आले, मला बाजूला सारलं आणि माणसांची जाळी भरायला घेतली. जरीच्या साड्या पुढे, गोरेगोमटे पुढे. स्वतःची सख्खी बहीण चतुराबाई, म्हणजे माझी सासू, तिच्या पुढच्या दातांत फट. तिला नेऊन ठेवलं दोन धिप्पाड पाहुण्यांच्या मागे. नवरीची आई त्या फोटोत फक्त पदराच्या काठानं हजर आहे. सासूबाईंनी त्यानंतर दोन वर्षं भावाला राखी बांधली, पण पेढा दिला नाही.

तर अशा माणसाच्या हातात सातच्या दिवाळीत त्याच्या मुलानं, कुंदननं, कॅमेऱ्याचा मोबाइल दिला. कुंदन सातपूरला कंपनीत होता, बोनस झाला होता. दुसऱ्याच दिवशी मामा स्टुडिओत हजर.

"जावईबापू, ह्याच्यात धुकं पडतंय."

मी फोन उलटा केला. मागच्या भिंगावर तंबाखूच्या चुन्याचा सबंध अंगठा उमटला होता. मी बनियनच्या मऊ कापडानं पुसून दिला, धुकं गेलं. मग आले मामींचा फोटो घेऊन. रंगूमामी चुलीपाशी नाही, कोळशाच्या खाणीत उभी असावी इतकी काळी. मागे खिडकी सताड उघडी. मी म्हटलं, "मामा, उजेड आपल्या पाठीशी ठेवायचा, माणसाच्या पाठीशी नाही." मग लांबून बटण दाबदाबून मोठा केलेला बैल, ज्याचे नुसते चौकोनी ठिपके झाले होते. "बैलापर्यंत चालत जा की! पाय दिलेत देवानं." मग हात हलतो. "दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवा, श्वास रोखा, मग दाबा."

खोटं कशाला बोलू, महिन्याभरात म्हातारा असा तयार झाला की मला माझ्या दुकानाची काळजी वाटायला लागली. माझ्या हाताखालच्या दोघांना चार वर्षांत जे जमलं नाही ते यांना जमलं. पण काढायचे काय? फक्त चांगलं. फोटोआधी झाडाचं पिवळं पान खुडायचे, टोमॅटो पुसायचे, फवारणीच्या पंपात साधं पाणी घेऊन त्यावर थेंब पाडायचे. मामी म्हणायच्या, "माझ्या लग्नात मला एवढं कुनी नटवलं नव्हतं."

आठ सालचा सप्टेंबर. मामांचा दोन एकर टोमॅटो असा आला होता की रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून बघायचे. पहिला तोडा, म्हणजे पहिली काढणी, आठ-दहा दिवसांवर. आणि नेमकं आभाळ आलं. पाच दिवस ऊन नाही, नुसती झिमझिम. ओढ्याकडच्या आतल्या कोपऱ्यात पानांवर काळपट डाग दिसायला लागले. करपा. टोमॅटोवाल्याला हा शब्द ऐकूनच घाम फुटतो, कारण हवा अशी राहिली तर आठवड्यात सगळं शेत जळाल्यासारखं होतं.

आता गावात विचारायचं कुणाला? मामांनी विचारलंच नाही. खंडेरावाच्या प्लॉटला डाग पडला हे गावाला कळायला नको. म्हणून त्यांनी आपल्या पुतण्याला, शेखरला, फोन लावला. शेखर शेतकी शिकलेला, सिन्नरला शेतकऱ्यांना सल्ला द्यायचं काम करायचा. तो नेमका मोटारसायकलवरून पडून पायाला प्लास्टर घालून घरी. म्हणाला, "काका, मला येता येत नाही. डागांचे नीट फोटो काढा, भाऊजींच्या कॉम्प्युटरवरून पाठवा. बघून लगेच औषध सांगतो."

मामा फोन घेऊन माझ्याकडे आले. चौदा फोटो. मी वायर लावली, फोटो उतरवले. दुकानात पासपोर्टवाल्यांची रांग होती, नीट बघायला वेळ कुणाला? मला एवढंच दिसलं की ढगाळ उजेडात हिरवा रंग जरा मेलेला आलाय. झालं, सवयीचा हात. उजेड वाढवला, हिरवा चढवला, आणि दिले पाठवून. शेखरचं उत्तर आलं, "प्लॉट उत्तम आहे. काळजीचं काही दिसत नाही. उगाच फवारणी करू नका."

आणि मामांनी ते खरं मानलं! ज्या माणसानं स्वतः डाग बघितले होते, तो चार दिवस "शेखर म्हनतो उत्तम हाय" म्हणत निर्धास्त फिरत होता. पाचव्या दिवशी मामींचा फोन आला. बाईंनी आयुष्यात मला आपणहून फोन केला नव्हता. "जावईबापू, तुमचं ते कॉम्पुटर काय दाखवतंय कोन जाने. हितं पाला काळा पडू राह्यला. या लवकर."

मी गेलो. ओढ्याकडचा कोपरा करपून गेला होता, कुजका वास सुटला होता. आणि मामा? मामा दुसऱ्या टोकाला, धड राहिलेल्या एका झाडावर पाण्याचे थेंब पाडत उभे. शेखरला पुन्हा फोटो पाठवायचे म्हणून!

माझं टाळकंच सरकलं. "मामा, त्यानं डागांचे फोटो मागितले होते ना?"

"हाय ना डाग. त्याच्यात एकदोन जागी दिसत्याल."

मी फोनमधले ते चौदा फोटो तिथंच उघडले. तेरांत नावाला डाग नव्हता. चौदाव्यात एका पानाच्या टोकावर होता, आणि तो एकुलता डागही मी स्टुडिओत हिरवा करून टाकला होता. आता बोलू कुणाला? मी तिथंच हे कबूल केलं.  मामींनी दोघांनाही सोडलं नाही.

"नाडी दाखवायला गेले आन् दंडाची बेटकुळी दाखवून आले! आन् हे दुसरे, त्या बेटकुळीला पावडर लावनारे!"

"असलं घान कुनाला दाखवायचं, रंगू?" मामा म्हणाले.  "शेखर पोरगं हाय. लहानपनी माझ्या खांद्यावर बसून हाच मळा बघितला त्यानं."

"मंग आता काय बघायला लावता त्याला? ढेकळं?"

मामा कोपऱ्याकडे गेले. एक करपलेलं पान खुडलं, तळहातावर ठेवलं. भिंग धोतराच्या टोकानं पुसलं. पाठ उजेडाकडे केली. कोपर बरगडीत असं रुतवलं की दुखलं असेल. श्वास रोखला. एक फोटो पानाचा वरून, एक पान उलटं करून, कारण खाली पांढरी बुरशी धरली होती, आणि एक काळ्या पडलेल्या खोडाचा. तीनच. मी ते घेऊन स्टुडिओत पळालो आणि जसेच्या तसे पाठवले. हिरव्या रंगाकडे हात जात होता, पण मी तो आवरला.

दहा मिनिटांत शेखरचा फोन. ओढ्याकडची सगळी झाडं आजच्या आज उपटून खड्ड्यात पुरा, बाकीच्यांवर अमुक औषध अंधार पडायच्या आत मारा. कुंदन कंपनीतून अर्धी सुट्टी टाकून आला, मीही पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. जवळपास एक एकर गेला. एक वाचला.

दुसऱ्या दिवशी शेखर फोनवर म्हणाला, "काका, ते तीन फोटो कुणी काढले? बुरशीचा तंतू न् तंतू दिसतोय. इतक्या वर्षांत मला असा फोटो कुणी पाठवला नाही."

मी शेजारीच उभा होतो. वर्षभर ज्या माणसानं आपण काढलेला टोमॅटोचा प्रत्येक फोटो गल्लीतल्या कुत्र्यालाही दाखवला होता, तो म्हणाला, "तुझ्या काकूनं."

गंमत इथं संपायला हवी होती. पण जानेवारीत शेखरनं सिन्नरला टोमॅटोवाल्यांचा मेळावा घेतला. सिन्नर, नाशिक, पार देवळ्यापर्यंतची माणसं. भिंतीएवढ्या पडद्यावर ते करपलेलं पान, खाली नाव: सौ. रंगूबाई खंडेराव, मखमलाबाद.  शेखरनं मामींना स्टेजवर बोलावलं, शाल, श्रीफळ. मामांनी माझ्या बाजूला बसून टोपी कपाळावर ओढली.

"काकू, सगळ्यांना सांगा, असा फोटो कसा काढला?"

मामींनी नारळ छातीशी धरला. "मला काय म्हाईत? मी त्या डबीला कदी हात लावला नाय. फोटो ह्यांनी काढला. टोमॅटो नासका व्हता म्हनून नाव माझं लावलं. चांगला असता तर हितं स्वतः आले असते."

हॉल असा हसला की खुर्च्या हलल्या. मीही हसलो, मग बाजूला बघितलं आणि हसू गेलं. मामा उठले होते. सावकाश चालत स्टेजवर गेले आणि माइक हातात घेतला.

"बाई खरं बोलली," मामा म्हणाले. "फोटो मी काढला. माझा निम्मा प्लॉट करप्यानं गेला. पाच दिस मी त्यो झाकत बसलो, म्हनून गेला. नायतर लय वाचला असता."

हसणं थांबलं. मला वाटलं आता कुणीतरी टोमणा मारणार, आणि खरं सांगतो, मारला असता तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो. एवढ्यात मधल्या रांगेतून एकजण उभा राहिला. मखमलाबादचाच सहादू, मामांच्या शेजारचा मळेकरी. दोघांच्या मधे फक्त ओढा.

"खंडू," तो म्हणाला, "माझा सगळा गेला रे. त्याच आठवड्यात. ओढ्याच्या बाजूनंच लागला व्हता. तुझा रस्त्यावरून हिरवागार दिसायचा, म्हनून लाजंनं तुला इचारलं नाय."

मामांच्या हातातून माइक खाली आला. ते स्टेजच्या पायऱ्या उतरले, खुर्च्यांमधून वाट काढत सहादूपर्यंत गेले आणि त्याच्या शेजारी बसले. देवळ्याकडचा एक म्हातारा तेवढ्यात उठून, लिहून घ्यायची खूण करत, शेखरला आपल्या अहिराणीत म्हणाला, "मना बी गया, भाऊ. लिखी ल्या." मग आणखी एक उठला, मग आणखी दोन.