लार्जचं लंघन

शर्टांच्या त्या कारखान्यात बटणं आणि दोऱ्यांच्या कोठीवर जे गृहस्थ बसत, त्यांना सगळे 'लार्ज' म्हणत. टोपणनाव म्हणून यात कल्पकता फारशी नव्हती, पण अचूकपणा होता. नोकरी मागायला आलेल्या या माणसाला थोरल्या मालकांनी दारातच डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं होतं आणि कटिंगच्या मास्तरांना हाक मारून म्हटलं होतं, "मास्तर, बघा, आपला लार्ज पायानं चालत आला!"

तेव्हापासून कारखान्यातला प्रत्येक नवा लार्ज शर्ट आधी त्यांच्या अंगावर चढे. कॉलर बसली, खांदा ओघळला नाही, खुर्चीत टेकल्यावर पोटावरचं बटण कुरकुरलं नाही, की मास्तर त्यांच्या पाठीवर खडूनं बरोबरची खूण करत. मग त्या मापाचे शर्ट गठ्ठ्यांनी कापले जात. वयाबरोबर लार्ज थोडे रुंदावले, तसा शर्टही रुंदावला. गिऱ्हाइकंही त्याच सुमारास रुंदावत असल्यामुळे कुणाची तक्रार आली नाही.

मास्तरांच्या गळ्यात टेप असे, पण ती डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीसारखी, हुद्दा कळावा म्हणून. लार्जवर ती त्यांनी कधी लावली नव्हती. "टेप मेली काय सांगणार? तिला काय घाम येतो की खाज सुटते?" असं ते म्हणत. लार्जना दोन्ही होत असे आणि ते कुठे होतं हे ते नेमकं सांगत. "डाव्या मुंढ्यात," ते म्हणत, म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात तिथे, "सूतभर धरतंय." मास्तर सूतभर सोडत. कोठीवर दुसरा कुणीही बसला असता. लार्ज एकच होता, आणि हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. बसथांब्यावर आपल्या कारखान्याचा शर्ट घातलेला एखादा अनोळखी पोटवाला दिसला, की ते त्याच्याकडे भावकीतल्या माणसाकडे बघावं तसं बघत.

अडचण एवढीच होती, की कोठी वरच्या मजल्यावर होती. जिना चढून गेल्यावर लार्जना बटणांच्या पेटीवर काही वेळ नुसतं बसावं लागे. शिवाय छातीत जळजळ, रात्री घोरणं आणि गुडघे. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि वजन उतरवायला सांगितलं.

"ते जमणार नाही," लार्ज म्हणाले. "वजन नोकरीत आहे."

डॉक्टरांना हा विनोद वाटला. लार्जना तो वाटला नव्हता. पोट गेलं की फिटिंगची खोली गेली, आणि ती गेली की आपण म्हणजे बटणं मोजणारा एक म्हातारा, हा हिशोब त्यांनी केव्हाच मांडला होता.

म्हणूनच निसर्गोपचार केंद्राच्या पाटीवर 'शरीरशुद्धी' हा शब्द वाचला, तेव्हा त्यांना सुटका झाल्यासारखं वाटलं. तिथे वजनाचं नावही नव्हतं. आत काय साचलंय ते धुऊन काढायचं, बस. अस्तर धुतल्यानं कोटाचं माप बदलत नाही, असा त्यांनी विचार केला. त्या विचारात चूक शोधायला माणूस शिवणकामाबाहेरचाच हवा.

तशी बाहेरची एक व्यक्ती घरात होती. लार्जच्या पत्नी शाळेत विज्ञान शिकवत.

"विषद्रव्यं निघतात म्हणे," लार्जनी घरी सांगितलं.

"कोणती?"

"आतली."

"अहो, नाव काय त्यांचं? एखादं तरी बाटलीत घालून आणा, वर्गात दाखवीन." मग त्यांनी केंद्राचं पत्रक वाचलं आणि मत थोडं सौम्य केलं. "विष निघो न निघो, ताटातलं तळण तर निघेल. जा तुम्ही."

केंद्र चालवणाऱ्या बाई हळू आवाजात बोलत. पांढऱ्या फरशीची खोली, कोपऱ्यात कटिस्नानाचा टब, सगळीकडे ओल्या मातीचा वास. लार्जना आडवं करून त्यांच्या पोटावर गार मातीची पट्टी ठेवली गेली. आजवर त्या पोटावर लोकांनी टाचण्या लावल्या होत्या, माती प्रथमच. पट्टी नेहमीच्या मापाची होती, तेव्हा दोन लागल्या.

"काटा नाही दिसत इथे?" लार्जनी घाबरत विचारलं.

"आम्ही काटा ठेवत नाही," बाई म्हणाल्या. "आकड्याच्या मागे लागलं की माणूस शरीराचं ऐकत नाही. झोप बघा, श्वास बघा."

मास्तरांचंच बोलणं दुसऱ्या तोंडातून ऐकून लार्जचा बाईंवर विश्वास बसला.

आधी नुसते रस, मग फळं, मग उकडलेल्या भाज्या, आणि तळलेलं, गोड, मैद्याचं पूर्ण बंद. सुरुवातीला लार्जचं डोकं ठणकलं, जिभेवर थर आला आणि कोठीत रिळं मागायला येणाऱ्यांवर ते असे खेकसले, की कारखान्यात दोऱ्याचा खप घटला. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चांगलं लक्षण आहे." पुढे डोक्याचा ठणका थांबला, तेही चांगलं लक्षण निघालं. या शास्त्रात वाईट लक्षण म्हणून काही असतं का, हे लार्जना शेवटपर्यंत समजलं नाही, पण रोज कुणीतरी आपल्याला शाबासकी देतंय, हे त्यांना आवडू लागलं.

दुपारी डबा खाताना त्यांनी मास्तरांसमोर हिरव्या रसाची बाटली काढली.

"हे काय, रंगखात्यातून आणलंस?"

"पालक आणि काकडी. आतून साफ होतं, मास्तर."

"आतून हो लेका, कितीही हो. बाहेरून काही करू नकोस."

"बाहेरचा काही संबंधच नाही," लार्ज म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

नव्या हंगामाचे नमुने सुरू झाले. पहिला शर्ट लार्जच्या अंगावर चढला तो बाजूनं किंचित फुगला. मास्तरांनी मागे सरकून, डोळे बारीक करून पाहिलं.

"या गिरणीचं कापड ढगळ पडतंय. सूतभर घेतो."

त्यांनी बाजूनं सूतभर घेतलं, पुठ्ठ्याचा पॅटर्न तसा कापला, आणि पुढचा शर्ट नीट बसला. काही आठवड्यांनी तोही फुगला. मास्तरांनी गिरणीच्या नावानं बोटं मोडली आणि पुन्हा घेतलं. शर्ट पुन्हा नीट बसला.

इकडे लार्ज मनातून खट्टू होत चालले. शुद्धीचा मापाशी संबंध नाही असं ते म्हणत असले, तरी एवढे रस पिऊन, एवढी माती लावून घेऊन काहीतरी व्हायला हवं, असं कुणालाही वाटणारच. आणि आयुष्यात त्यांनी स्वतःला एकाच गोष्टीनं मोजलं होतं. प्रत्येक नवा नमुना चोख बसत होता. म्हणजे आपण होतो तसेच आहोत. मग त्यांनी रात्रीची उकडलेली भाजीही सोडली. त्यामुळे पुढचा शर्ट फुगला. त्यामुळे मास्तरांनी अजून थोडं घेतलं. दोन प्रामाणिक माणसं एकमेकांना प्रमाण मानून अशी उतरत चालली होती, आणि दोघांचाही एकमेकांवर पूर्ण विश्वास होता.

"अहो, चेहरा बघा आरशात. गालफडं बसलीत," पत्नी म्हणाल्या.

"नवा शर्ट तसाच बसतोय. जुने धुऊन ढगळ पडलेत."

"शर्ट काय डॉक्टर आहे?"

"पँट तरी कुठे सैल झालीय?" लार्ज म्हणाले.

"तुमच्या पँटला इलॅस्टिक आहे. ती हत्तीलाही बसेल आणि माझ्या वर्गातल्या पोरांनाही."

लार्जना हे पटलं नाही. मात्र जिना ते आता न थांबता चढत होते, छातीतली जळजळ गेली होती आणि घोरणं थांबल्यामुळे पत्नीला झोप लागत नव्हती. हे सगळं लार्जनी शुद्धीच्या खात्यावर घातलं. मापाचं खातं वेगळं होतं.

मग एका सकाळी मालाचा टेंपो परत आला, भरलेलाच. दुकानदारांनी लार्जचे सगळे गठ्ठे परत पाठवले होते. शर्ट कुणालाच होत नव्हता. थोरल्यांच्या पश्चात कारखाना सांभाळणारे धाकटे मालक फिटिंगच्या खोलीत आले आणि एक शर्ट टेबलावर टाकून म्हणाले, "मास्तर, हा काय प्रकार आहे?"

"शर्टात खोट असेल तर मिशी उतरवीन," मास्तर म्हणाले. "लार्ज, घाल रे."

लार्जनी घातला. कॉलर, खांदा, घेर, कुठेही बोट दाखवायला जागा नव्हती. मास्तरांनी छाती पुढे काढली.

धाकट्या मालकांनी दारात उभ्या असलेल्या टेंपोवाल्याला आत बोलावलं. भरल्या अंगाचा माणूस. कुठल्याही दुकानात कुणीही त्याला लार्जच काढून दिला असता. त्यानं तोच शर्ट चढवला, श्वास रोखून बटणं लावली, आणि श्वास सोडला. मधलं बटण उडून मास्तरांच्या चष्म्यावर आदळलं.

खोलीत कुणी हसलं नाही. मास्तरांनी चष्मा पुसला, गळ्यातली टेप काढली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा लार्जच्या छातीभोवती फिरवली. आकडा पाहिला. मग पोटाभोवती. मग टेप उलटीसुलटी करून पाहिली, शिलाईखात्यातून दुसरी मागवली आणि पुन्हा मोजलं.

"मास्तर, बोला ना," धाकटे मालक म्हणाले.

"मीडियम," मास्तर म्हणाले. एखाद्या घरी वाईट बातमी सांगावी तसा त्यांचा आवाज झाला होता. "हा मीडियम झालाय."

"काय म्हणालात?" लार्जनी हरखून विचारलं. "परत एकदा म्हणा!"

"काका, थट्टा वाटतेय का तुम्हाला?" धाकटे मालक म्हणाले.

"नाही साहेब. पण पोटाचा आकडा तेवढा परत वाचायला सांगा त्यांना."

धाकटे मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लोटलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "काका, झालं ते झालं. लेबलं उसवून मीडियमची लावू. पण पुढच्या हंगामाला मला माझा लार्ज हवा. तुम्ही पुन्हा भरा. दोन्ही वेळचं जेवण कारखान्याकडून, काय वाटेल ते मागवा. नाही जमलं, तर ही खोली दुसऱ्याकडे जाईल."

कोठीत न जाता लार्ज तडक केंद्रात गेले आणि बाईंना म्हणाले, "शुद्धीनं माप बदलतं, हे तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत," बाई म्हणाल्या. "झोप कशी आहे?"

वाटेत ते डॉक्टरांकडेही डोकावले. रक्तदाब उतरला होता. डॉक्टरांनी श्रेय वजनाला दिलं, बाई शुद्धीला देत होत्याच, घरी पत्नीनं ते तळण बंद झाल्याला दिलं. लार्जनी तिघांनाही हो म्हटलं.

"जागा जाईल," ते पत्नीला म्हणाले.

"कुठली? पोटाची?"

"चेष्टा नको गं. त्या खोलीत माझ्याशिवाय पान हलत नव्हतं."

पत्नी वह्या तपासत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "जिना चढल्यावर हल्ली पेटीवर बसता का?"

"नाही."

"मग ठरवा तुम्हीच. मी पुरी तळायला घेऊ का नको, एवढंच सांगा."

"नको," लार्ज म्हणाले, आणि स्वतःचा आवाज इतका ठाम ऐकून त्यांनाच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकट्या मालकांना सांगितलं, "साहेब, मी भरणार नाही. ज्या पोटाला मी तुमचं समजत होतो, त्याखालचे गुडघे माझे होते."

"मग कोठीवरच बसा," धाकटे मालक म्हणाले आणि फिटिंगची जागा त्यांनी टेंपोवाल्याला दिली.

टेंपोवाला खूष होता. दिवसातून काही वेळ नुसतं उभं राहायचं, आणि मास्तरांची सक्त ताकीद होती, की खाणं मुळीच कमी करायचं नाही. अडचण वेगळीच निघाली. त्याला प्रत्येक शर्ट आवडत असे.

"मुंढ्यात कसं वाटतंय?"

"एक नंबर!"

"पोटावर?"

"झकास! घेऊन जाऊ का घरी?"

मास्तरांनी एकदा मुद्दाम खांदा चुकवून पाहिला. तोही झकास ठरला. त्या संध्याकाळी मास्तर स्वतः जिना चढून कोठीत आले, बटणांच्या पेटीवर बसले आणि बराच वेळ धापा टाकत राहिले. लार्जनी त्यांना पाणी दिलं.

"खाली ये," मास्तर म्हणाले. "तो गाढव काही सांगत नाही. पुतळा बरा, निदान स्तुती तरी करत नाही."

"मी मीडियम आहे, मास्तर."

"माप त्याचं घेऊ. जीभ तुझी लागेल."

लार्ज खाली गेले. टेंपोवाला नव्या नमुन्यात उभा होता आणि धाकटे मालक हाताची घडी घालून खिडकीशी. लार्जनी खिशातली कोठीची किल्ली जमिनीवर टाकली.

"उचला."

टेंपोवाला वाकला.

"वाकताना पाठीत काय झालं?"

"काही नाही, झकास."

"झकास कुठं? उजवीकडे की डावीकडे? मान वळवा, मागून कुणी हाक मारल्यासारखी. कॉलर आधी वळली की मान?"

टेंपोवाल्यानं मान वळवली, थांबला, परत वळवली. आपल्याला मान आहे हे त्याला प्रथमच समजत असावं. "अरेच्चा," तो म्हणाला. "मान आधी. कॉलर मागून ओढली गेली. इथं, डावीकडं."

मास्तरांनी तिथे टाचणी लावली. धाकट्या मालकांनी घडी सोडली आणि म्हणाले, "काका, दुपारनंतर तुम्ही इथंच असा. कोठी दुसरं कुणीतरी बघेल."

लार्जनी मान डोलावली. त्यांना यात नवल वाटलं असं दिसलं नाही.

मालक गेल्यावर टेंपोवाला कपाळ पुसत स्टुलावर टेकला. नुसत्या वाकण्यानं त्याला दम लागला होता. लार्ज त्याच्याकडे बघत राहिले. ती नजर मास्तरांनी बरोबर ओळखली.

"ए," ते दातात टाचणी धरून म्हणाले, "याला त्या बाईंचा पत्ता दिलास, तर माझ्याशी गाठ आहे."

"काल दिला," लार्ज म्हणाले. "उठा हो. आता दोन्ही हात वर."