कठड्यावरचा हात

“सुधाकर गेला. येताना त्याचा एखादा फोटो घेऊन या...” सुधाकरच्या आईचा, बाईंचा, निरोप एवढाच होता. चंद्रपूरहून अहेरीला जाणाऱ्या एस.टी.त मी त्या दुसऱ्या वाक्याशीच झगडत होतो. हिवताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत माणूस संपला, हे आज महिन्यानंतरही पटत नाही. अर्ध्या तालुक्याची लग्नं-बारशी ज्यानं टिपली, त्याचा स्वतःचा फोटो कुणाकडेच नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अहेरीला मास्तरकी करताना मी वर्षानुवर्षं त्याच्या घरी भाड्यानं राहिलो, पण माझ्याकडेही नव्हता.

त्याचा धाकटा भाऊ मिलिंद मुंबईला गेला, मोठ्या प्रवासी बोटीवर कामाला लागला, एवढं कळलं होतं. पुढे काहीच नाही. निघताना मिलिंद कधी हात हलवायचा नाही. एस.टी.च्या खिडकीतून नुसता उंच धरून ठेवायचा, गाडी वळेपर्यंत. तो गेल्यापासून बाई मला विचारायच्या, “समुद्र आपल्या प्राणहितेहून लय मोठा रायते काय हो, मास्तर?” सुधाकर तेवढ्यात उठून बाहेर जायचा. दर हिवाळ्यात तो स्टुडिओला कुलूप लावून मुंबई गाठायचा. तिथल्या बंदरात इंग्रजांच्या अमदानीतली एक आगबोट कायमची नांगरून ठेवली होती, आणि तिच्या भटारखान्यात आलापल्लीकडचा एक ओळखीचा माणूस होता. त्याच्या वशिल्यानं सुधाकर त्या आगबोटीवर चढायचा, समोरून जाणाऱ्या प्रवासी बोटींचे फोटो काढायचा आणि घरी आल्यावर कठड्यावरचा एकेक चेहरा मोठा करून भाऊ शोधायचा. शुद्ध वेडेपणा! मी तसं त्याच्या तोंडावर म्हणालोही.

चौऐंशीच्या हिवाळ्यात मात्र मीच त्याच्यासोबत गेलो. त्या आगबोटीत शिरताच माझ्या अंगावर काटा आला. रिकाम्या खोल्या, ओलसर वास, आणि खालच्या मजल्यावर कुणी कूस बदलावी तसं मधूनच करकरणारं लाकूड... बाहेर वारा फार होता, म्हणून सुधाकर एका खोलीच्या गोल काचेशी उभा राहिला. कॅमेरा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, मान वर. मी मागे दारात होतो. समोरून एक पांढरी बोट निघाली, जराही आवाज न करता. तिच्या कठड्यावर कुणीही नव्हतं. मी नीट पाहिलं होतं.

अहेरीला परतल्यावर लाल दिव्याखाली त्यानं फोटो धुतला. तबकातल्या रसायनात आधी बोट वर आली, मग कठडा, आणि मग कठड्याशी एक माणूस. चेहरा धूसर, एक हात उंच. सकाळी दोरीवर वाळणारा तो कागद बाईंनी पाहिला आणि म्हणाल्या, “हा आपला मिलिंद. जित्ता आहे माहा लेक. आता मुंबईले काऊन जाचं, सुधाकर? भेटला ना.”

बाई अंगणात गेल्यावर सुधाकर हळूच म्हणाला, “मास्तर, तो मी आहो. काचेत माहंच तोंड पडलं. मायले सांगू नका. तेवढ्यावर जगून राह्यली ते.”

“आणि हात?”

त्यानं फोटो दोरीवरून काढून उजेडात धरला. “माहे दोन्ही हात तं कॅमेऱ्यावर होते...”

त्यानंतर तो मुंबईला कधीच गेला नाही. चौकट करून त्यानं तो फोटो बाईंच्या खाटेच्या वर भिंतीला टांगला.

सुधाकरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी मी रिकाम्या हातानं दारात उभा राहिलो. सुधाकरचा जगातला एकुलता एक फोटो समोरच्या भिंतीवर होता, आणि तो त्याचा आहे म्हणालो तर बाईंचा दुसराही मुलगा त्याच दिवशी जाणार होता. बाई उठल्या, चौकट उतरवून पदरानं पुसली आणि बुद्धमूर्तीशेजारी ठेवली.

“बाई, तो तर मिलिंद...” मी कसाबसा म्हणालो.

“तोंड सुधाकरचं आहे, मास्तर. पोटच्या पोराले मी वळखत नाई काय? पहिल्याच दिवशी वळखलं. पण एक गेला होता, दुसराबी त्याच्या मागं समुद्राकडे पळून राह्यला होता. म्हणून म्हणलं, मिलिंद आहे. थांबला ना मंग घरी!”

मला रडू आवरेना. बाई रडल्या नाहीत. त्यांनी काचेवर बोट टेकवलं.

“हात मात्र मिलिंदचाच आहे.”

फोटो अजून तिथेच आहे. रोज सकाळी बाई त्याला ताज्या फुलांचा हार घालतात. हार चेहऱ्याखाली येतो की नाही, हे त्या पाहत नाहीत. तो हात तेवढा झाकू देत नाहीत.